बाटली एकटी येणार नाही

दिग्रस,
ता. १८ ऑक्टोबर २००५

प्रिय मैत्रेयीताईस,
धाकट्या दीपाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तू पुण्याहून पाठवलेली बाटली पोचली. खोका इतका सुंदर की सासूबाईंनी तो कपाटात जपून ठेवला. त्यावर मोठ्या अक्षरात छापलं आहे की आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम. ते वाचून मी थोडी हसले आणि मग हसू गेलं.

तू विचारलंस की सुजाताला नेमकं काय होतं. ओठ फाटलेला तर तू फोटोत पाहिलास. पण आत टाळूलाही फट आहे, म्हणून तिला ओढून पिता येत नाही. छातीला लावलं की भुकेनं नुसती धडपडते. मग मी माझंच दूध वाटीत काढते आणि पाजते. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे की साडेचार किलोची झाली की ओठाचं ऑपरेशन करता येईल. तोवर या खास बाटलीनं पाजा, म्हणाले. बाटली मऊ आहे. दाबली की थोडं दूध जावं, सोडली की थांबावं, यासाठी निपलच्या आत एक पांढरी चकती आहे.

ताई, ती चकती बसतच नाही. बाटली तिरपी केली की न दाबताच धार लागते. सुजाताला ठसका लागतो, दूध नाकातून येतं, लेकरू निळं पडतं. आधी वाटलं, मलाच वापरता येत नाही. खोक्यातला कागद इतक्यांदा वाचला की पाठ झाला. उकळून पाहिली, चकती उलटी लावून पाहिली. नाही.

शेजारच्या सुखीबाई म्हणाल्या, ग्रहणात काही चिरलं असशील. उत्तर सासूबाईंनी दिलं. त्या म्हणाल्या, गिरनाचं राहू द्या, तुमी आधी दोन बादल्या पानी भरू लागा, पोरीले उसंत नाही. तेव्हापासून सुखीबाई खरंच पाणी भरू लागतात.

दसरा झाला तरी सरकी काढायच्या जिनाचं फाटक उघडलं नाही. भाव नाही म्हणून लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला आहे. काही घरांत झोपायलासुद्धा जागा नाही. हे आदिलाबादकडच्या एका जिनात कामाला गेले. फोन येतो, पण लाइन मध्येच तुटते.

तू दुकानदाराला विचारशील का? तू एवढ्या हौसेनं पाठवलीस आणि मी खोट काढते आहे, राग मानू नकोस.

सगळ्यांना जयभीम सांग. माझ्यावरची माया तिथल्या थंडीत गोठू देऊ नकोस.

तुझी,
दीपा

* * *

पिंपरी,
ता. २६ ऑक्टोबर २००५

चि. सौ. दीपास,
ताईचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

राग कसला मानायचा? राग आला तो दुकानदाराचा. शाळा सुटल्याबरोबर तशीच गेले. त्याच्याकडे तशाच खोक्यातली आणखी एक बाटली होती. तिच्यात पाणी भरायला लावलं आणि काउंटरवर उलटी धरली. काउंटर भिजलं, त्याची वही भिजली, त्याची मान खाली गेली. म्हणाला, मॅडम, माल कंपनीचा आहे, कंपनीशी बोला. दुसऱ्या कुठल्या कंपनीची अशी बाटली इकडे मिळत नाही, ती बाहेरच्या देशातून मागवावी लागते. नाही तर मी ती विकत घेऊन आजच टपालात टाकली असती.

मग कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. आधी एक बाई रेकॉर्डवर सांगते की आईचं दूध सर्वोत्तम. मग इंग्रजीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा. मराठीसाठी काहीच दाबायचं नाही. मग सनई की काय ते वाजत राहतं. पहिल्या दिवशी सनई ऐकतच मधली सुट्टी संपली. दुसऱ्या दिवशी एक मुलगी बोलली. गोड बोलते, पण तिच्यापुढे कागद असावा, कारण मी काहीही विचारलं की ती पुन्हा पहिल्या ओळीवर जायची.

सार एवढंच की तक्रार नोंदवली आहे. बिल माझ्याकडे आहे. बाटली, निपल आणि खोका त्यांच्या पुण्याच्या ऑफिसात जमा करायचा. ते तपासायला पाठवतील आणि पंधरा दिवसांत बदलून देतील. तेव्हा पत्र मिळताच सगळं रजिस्टर पार्सलनं माझ्याकडे पाठव, मी स्वतः नेऊन देते. तू लहानपणी पाटीसुद्धा धुवायला द्यायची नाहीस, म्हणून मुद्दाम लिहिते. लगेच पाठव.

सुजाताच्या पायाला माझा पापा. तुझ्या सासूबाईंना जयभीम. सुखरूप असल्याचं दोन ओळींत का होईना कळवत जा.

तुझी,
मैत्रेयीताई

* * *

दिग्रस,
ता. ५ नोव्हेंबर २००५

प्रिय ताईस,
दीपाचा जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. बाटली पाठवत नाही.

रागावण्याआधी ऐक. या खोट्या बाटलीची मला आता सवय झाली आहे. निपलची मान दोन बोटांत आवळून धरायची, एक घोट जाऊ द्यायचा, पुन्हा आवळायची. बोटं बधिर होतात, पण पोटात दूध जातं. वाटी-चमच्यानं पाजलं तर निम्मं दुपट्यावर सांडतं आणि अर्ध्यातच ती थकून झोपते. गेल्या आठवड्यात थोडं वजन वाढलं. आता बाटली पाठवली तर ते पंधरा दिवस ती काय पिणार? तपासणाऱ्यांना घाई नाही, ताई. घाई हिच्या पोटाला आहे.

मीही एसटीडीवरून फोन लावला. खोक्यावरचा फुकटचा नंबर आमच्या बूथवरून लागत नाही, म्हणून त्यांच्या पुण्याच्या ऑफिसचा लावला. ज्या बाई बोलल्या त्यांना हिंदीत सांगू लागले, पण टाळूला हिंदीत काय म्हणतात ते ऐनवेळी सुचेना. त्या मला समजावू लागल्या की बाटलीची सवय वाईट, आईनं कंटाळा करू नये, अंगावर पाजावं. माझ्यामागं फोनसाठी लोक उभे होते. दूध माझंच आहे हो, एवढंच सांगायचं होतं. ते न सांगताच फोन ठेवला. घरी येईपर्यंत माझा पदर भिजला होता, दुधानं.

परवा मुंबईच्या वर्तमानपत्राची जीप आली होती. हल्ली आमच्या भागात अशा जीपा फिरतात. त्यातला एक जण दारात येऊन म्हणाला, या घरात कोणी शेतकरी गेला का. सासूबाई म्हणाल्या, आमच्या घरी शेत नाही आन् कोनी मेलंबी नाही, एक लेकरू हाये अन् त्याले जगवून राह्यलो. मी त्याला बाटली दाखवून विचारलं, पुण्यात कोणाला सांगाल का. त्यानं चांगलं पाहिलं, वाईट वाटलं त्याला, पण म्हणाला की तो दुसऱ्या विषयावर आला आहे.

मला घरात बसवत नाही, बाहेर जाववत नाही. झोळीजवळून उठते आणि पुन्हा झोळीजवळ येते.

बाटली सोडून दुसरा काही मार्ग काढ. मोठी बहीण आहेस, काढशील. जिव्हाळा आहे तसाच राहू दे.

तुझी,
दीपा

* * *

पिंपरी,
ता. १२ नोव्हेंबर २००५

दीपास,

आज कंपनीच्या त्या ऑफिसात गेले होते. बाटली दाखवल्याशिवाय काहीही होणार नाही असं त्यांनी तोंडावर सांगितलं. मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिथं उभी आणि तू तिकडे बाटली कवटाळून बसलेली. निपल आवळून धरते म्हणे. एखाद्या दिवशी बोट सुटलं आणि दूध श्वासनलिकेत गेलं तर? तुझा हट्ट मोठा की लेकरू?

पाठवायची नसेल तर मला पुन्हा या कामाचं लिहू नकोस.

मैत्रेयी

* * *

कळंब,
ता. २० नोव्हेंबर २००५

चि. दीपास,
बापाचा जयभीम आन् आशीर्वाद.

तुह्यं पत्र भेटलं. ताईचंबी भेटलं. दोघीईनं एकमेकीची तक्रार मलेच लिवली. मी यस्टीत जिंदगी काढली. भांडनाऱ्या दोघायले एका सीटवर बसवलं की दारव्हा येईपर्यंत आपोआप चूप होत. म्हनून तुमालेबी एका जागी बसवा लागते असं दिसते.

ताई म्हन्ते बाटली पाठव. तू म्हन्ते नाही पाठवत. दोघीबी खऱ्या हा. मंग आता असं कर. बाटली पुन्याले जाईन, पन एकटी जानार नाही. तू घेऊन जा, पोट्टीले घेऊन जा. त्या लोकायले फोनवर समजून नाही राह्यलं, तं डोयानं पाहू दे.

सुजाता नाव म्या ठेवलं. त्या सुजातानं उपाशी बसलेल्या तथागताले खीर देल्ली, आन् आपल्या सुजाताच्या तोंडात मायचं दूध जाऊन नाही राह्यलं. हे मले सहन होत नाही. तुह्यं पत्र आलं तवापासून मी आंगनात चकरा मारून राह्यलो. शेजारचा हरिसिंग म्हने, नागोराव, कायले फिरता, बसा ना. बसवत नाही बाप्पा. माह्या गुडघ्यानं साथ देल्ली असती तं मीच आलो असतो.

पुसदवरून पुन्याची गाडी धर. मांगच्या चाकावरची सीट घेऊ नको, पोट्टीले धक्के बसतीन. खिडकीच्या फटीत कापड कोंबजो, हवा लागते. कंडक्टरले सांगजो की कळंबच्या नागोराव कंडक्टरची पोरगी हाव. ओळखलं नाही तरी सांगून ठेवजो. तुह्या सासूले, कांताबाईले, सोबत ने. त्या बाईच्या तोंडापुढे कंपनी काय चीज हाये.

ताईचं बोलनं मनावर घेऊ नको. तिले भेव वाटलं की ती आवाज चढवते. तुही माय असती तं तिनं दोघीचेबी कान धरले असते. आता ते काम माह्याकडं आलं.

पोचल्यावर लिव. तोवर जीव टांगनीले हाये समज.

तुहा,
बाबा

* * *

पिंपरी,
ता. २ डिसेंबर २००५

ती. बाबांस,
दीपाचा सविनय जयभीम. वि. वि.

सुखरूप पोचलो. कंडक्टरनं तुम्हाला ओळखलं नाही, पण पुढची सीट दिली. ताई स्टँडवर उभी होती. तिनं माझ्याकडे न पाहता सुजाताला घेतलं आणि म्हणाली, किती हलकी आहे गं. मग तिथंच रडायला लागली. आमचं भांडण त्यापुढं गेलंच नाही.

काल ऑफिसात गेलो. दुसरा मजला, काचेचं दार, आत गारवा. ज्या मॅडम फोनवर बोलल्या होत्या त्याच पुढं आल्या. आवाजावरून मी लगेच ओळखलं. वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी फॉर्म पुढं केला आणि बाटली मागितली. ताई तोंड उघडणार तोच मी म्हणाले, देते, पण तिला भूक लागली आहे, आधी पाजते. त्या म्हणाल्या, बाहेर बसून पाजा. मी म्हणाले, तुमच्यासमोरच पाजायला आले आहे.

कोपऱ्यात सासूबाईंनी शाल धरली आणि मी वाटीत दूध काढलं. मॅडमना अवघडल्यासारखं झालं. मग त्या फोनवरचंच बोलल्या, अंगावर का नाही पाजत, आईचं दूध सगळ्यात चांगलं. मला तेव्हाही शब्द सुचले नाहीत, बाबा. सासूबाईंना सुचले. त्यांनी वाटी थेट त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, बाई, हे कोनत्या म्हशीचं वाटते तुमाले? मायचंच हाये. लेकराच्या टाळूले भोक हाये, त्याच्यानं ओढवत नाही. तुमी मायले शिकवू नका, बाटलीले शिकवा.

मी बाटली भरली आणि यावेळी निपल आवळून धरलं नाही. दुसऱ्या घोटालाच सुजाताला ठसका लागला. मी लगेच तिला उपडी घेतलं. दूध नाकातून आलं, टेबलावरच्या फॉर्मवर पडलं. घरी हे मी कितीदा पाहिलं होतं, पण तिथं पाहवेना. जाणूनबुजून केलं ना मी. तुम्ही सांगितलं म्हणून नाही, मी ठरवलं म्हणून. तेवढं मला अजून टोचतं आहे.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. मग त्यांनी गोडाऊनमधून माणूस बोलावला. त्यानं नव्या बाटल्या आणल्या. एकेक पाण्यानं भरून उलटी धरली. सगळ्यांची धार लागली. गालिचा भिजला, कोणी काही म्हणालं नाही. त्यांच्या साहेबांच्या कपाटात एक नमुन्याची जुनी बाटली होती. तिच्यातलं पाणी थांबलं. दाबली तेवढंच आलं.

मॅडम म्हणाल्या, ही नमुन्याची आहे, द्यायला साहेबांची परवानगी लागेल, साहेब जेवायला गेलेत. तोवर सासूबाई खाली चहावाल्याकडं जाऊन पोचल्या होत्या. बाटली त्याच्या उकळत्या पाण्यात बुडवून आणली आणि माझ्या हातात दिली. साहेब आले तेव्हा सुजाता पीत होती. बाबा, तिनं न थांबता प्यायलं. मधे एकदा डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं, जसं काही विचारते आहे की हे इतकं सोपं होतं का. मग तोंडात निपल ठेवूनच झोपली. साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, बाटलीकडं पाहिलं आणि म्हणाले, राहू द्या.

मग दुसरा कागद आला. त्यावर छापलेलं की तक्रार समाधानकारकपणे सुटली, खाली सही करा. पेन हातात घेतलं, पण भिंतीशी मांडून ठेवलेल्या त्या बाटल्यांवरून नजर हटेना. मी सहीच्या वर लिहिलं, माझ्या बाळापुरती सुटली, या बाकीच्या बाटल्या कोणाच्या बाळाकडे जाणार ते कळवावे. साहेबांना आवडलं नाही. त्यांनी दुसरा कोरा कागद दिला. मी तो सासूबाईंकडं दिला आणि त्यांनी त्यात वाटी गुंडाळली.

परवा निघतो. गुडघ्याला तेल लावत जा. आणि आता बसा, चकरा पुरे.

तुमच्या आशीर्वादावरच चाललेली,
दीपा

* * *

पिंपरी,
ता. ९ जानेवारी २००६

चि. सौ. दीपास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तू गेल्यापासून घर रिकामं वाटतं आणि तुझ्या सासूबाई गेल्यापासून फारच शांत. त्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला पाण्यावरून जे बोलल्या, त्यानंतर पाणी वेळेवर येतं.

आता बातमी. कंपनीतून मला पुन्हा पुन्हा फोन येत होते. फोन करायची वेळ आता त्यांच्यावर आली आहे. तुझ्या बहिणीला सांगून ती वरची ओळ काढून नवीन कागदावर सही पाठवा, सोबत बाळासाठी भेटवस्तूंचा डबा देऊ, म्हणतात. मी म्हणाले, ओळ लिहिणारी दिग्रसला असते, तिचा पत्ता तुमच्याकडे आहे. डबा घरी आला होता, परत पाठवला. खरं सांगू, आत एक फार गोड टोपी होती. क्षणभर मोह झाला.

शनिवारी दुकानात गेले तर त्या बाटल्या फळीवर नव्हत्या. दुकानदार म्हणाला, कंपनीचा माणूस येऊन सगळा माल उचलून घेऊन गेला, पिंपरी-चिंचवडच्या सगळ्याच दुकानांतून. बाकी गावांचं त्याला माहीत नाही. त्या मॅडमना मी फोन केला. त्या हळू आवाजात म्हणाल्या की नागपूरकडचा माल परत मागवायचंही पत्र निघालं आहे, पण गेलं की नाही ते मला सांगता येणार नाही. शेवटी त्यांनी विचारलं, बाळ पितं ना. मी हो म्हणाले. मग त्यांनी फोन ठेवला.

म्हणून मी ठरवलं आहे की सुट्टीच्या दिवशी एकेका गावच्या औषधाच्या दुकानात विचारत जायचं. तू यवतमाळला गेलीस की तिथं विचार. बाबांनी कळंबमध्ये सुरुवात केली आहे म्हणे. गुडघा दुखतो की नाही हे त्यांनाच ठाऊक.

मी तुला तेव्हा जे लिहिलं ते पत्र फाडून टाक. वजन कळव. आमची आठवण असू दे, टोपीची नको.

तुझी,
ताई

* * *

दिग्रस,
ता. २४ फेब्रुवारी २००६

प्रिय ताईस,
दीपाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुला एवढंच सांगितलं की ऑपरेशन चांगलं झालं. ते खरंच आहे. वजन भरलं, नागपूरला तारीख मिळाली, हे आदिलाबादहून थेट तिथं आले. डॉक्टर म्हणाले, लेकरू चांगलं पोसलं आहे, त्यामुळे काळजी नाही. सासूबाईंनी तिथंच सगळ्या वॉर्डाला सांगितलं की बाटली कशी आणली. टाळूचं ऑपरेशन पुढच्या वर्षी. टाके होते तोवर चमच्यानं पाजलं, आता पुन्हा बाटली.

यवतमाळच्या दोन दुकानांत तसल्या बाटल्या निघाल्या. दुकानदारांना पाण्यानं दाखवलं. एकानं काढून ठेवल्या. दुसरा नुसता हो म्हणाला, म्हणून पुन्हा जाणार आहे.

पण हे पत्र वेगळ्या गोष्टीसाठी आहे. यांना सांगता येईना, सासूबाईंना नाही, बाबांना तर नाहीच. तुला लिहिते, वाचून मनातच ठेव.

ऑपरेशननंतर नर्सनं तिला बाहेर आणलं तेव्हा मी तिला घेतलंच नाही. मी नर्सच्या मागं पाहत होते, माझी सुजाता कधी आणतात म्हणून. नर्स म्हणाली, घ्या की. ओठ मिटून झोपलेलं एक लेकरू होतं. देखणं. सगळे म्हणत होते, किती छान शिवलं. मीही मान हलवत होते. ताई, ती हसायची तेव्हा तिचा तो फाटका ओठ दोन्हीकडं पसरायचा, पार गालापर्यंत. असं तोंडभर हसणारं लेकरू मी दुसरं पाहिलं नाही. ज्या ओठापायी मी पुण्यापर्यंत धावले, तो गेला म्हणून मी नागपूरच्या दवाखान्यात पाण्याच्या नळाशी उभी राहून रडले. आई म्हणून माझ्यात काही कमी आहे का, असं वाटून घाबरले.

टाके निघाले तरी ती हसेना. ओठ ओढला जात असेल. मीही तिला हसवायला जाईना.

आज सकाळी यांनी झोळी हलवता हलवता मोठ्यानं शिंक दिली. तशी ती हसली. लहानसं हसली, एका बाजूनं, थांबून थांबून, जणू नवा ओठ कुठवर जातो ते पाहत होती. यांनी मला हाक मारली. मी हातातलं पीठ तसंच घेऊन धावले, तिच्यापुढं बसले. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा तस्सं हसली. ताई, तेव्हा मी तिला ओळखलं.

हात पिठाचे होते म्हणून पत्राला डाग पडले आहेत, सांभाळून घे. लवकर ये आणि तू स्वतः पाहून जा. तोवर आम्हा दोघींना मनात जागा असू दे.

तुझीच,
दीपा